चौदा हजार फुटांवरचं माहेर

"पुरुषाला माहेर नसतं, हा आपल्याकडे पुरुषांवर झालेला सगळ्यात मोठा अन्याय आहे," असं काका म्हणायचे. मी त्यांच्या तोंडून हे पहिल्यांदा ऐकलं ते अमेरिकेत, रेडमंडला, आमच्या मंडळाच्या गणपतीत, जेवणाच्या रांगेत. वय सहासष्ट, अंगाने काटकुळे, कानांत केसांचे झुपके, अंगात झब्बा आणि पाठीवर माणूस मावेल एवढी सॅक.

"असं का? मग आधी सासर अनुभवा," रांगेतल्या एक बाई म्हणाल्या. "जेवणं झाली की पातेली घासायची आहेत."

"घासतो की!" काका म्हणाले, आणि खरोखरच हॉलच्या मागच्या किचनमध्ये तासभर उभं राहून त्यांनी वरणाची पातेली घासली. तीही सॅक न उतरवता.

मला राहवेना. मी विचारलं, सॅकमध्ये आहे तरी काय? "कणीक," ते म्हणाले. डोंगर चढायचा सराव वजन घेऊन करावा लागतो. बाकीचे लोक त्यासाठी सॅकमध्ये पाण्याचे कॅन भरतात, दगड भरतात. काका घरातलं पीठ भरायचे, वीस पौंडांच्या दोन पिशव्या. दगड वर नेऊन आणले तरी दगडच राहतात, पिठाच्या निदान पोळ्या होतात, हा त्यांचा हिशेब. शनिवारी सकाळी ते पीठ त्यांच्याबरोबर गावाबाहेरचा डोंगर चढून यायचं आणि दुपारी काकूंच्या डब्यात पडायचं. काकू पाहुण्यांना आग्रह करताना म्हणायच्या, "घ्या हो आणखी एक, चार हजार फुटांवर जाऊन आलेली पोळी आहे."

काका मूळचे मिरजेचे. उभी हयात विमानांच्या पंखांची गणितं करण्यात गेली आणि निवृत्त झाल्यावर डोंगरांनी पछाडलं. मी पुण्याचा, सॉफ्टवेअरवाला, पस्तिशीच्या अलीकडचा, रेडमंडच्या पावसात एकटा राहून शेवाळ धरत चाललेला. मला अलास्कातल्या देनालीच्या शिखरावर जायचं होतं. का, असं कुणी विचारलं तर मी निसर्ग वगैरे बोलायचो, पण खरं सांगायचं तर मला फोटो हवा होता. वीस हजार फुटांवर उभा असलेला मी, आणि तो फोटो बघून जळणारे माझे बॅचमेट. काकांचे देनालीचे दोन प्रयत्न वादळामुळे फसले होते. तिसऱ्या वेळी नेऊ, पण वय बघता त्यानंतर नाही, असं मोहिमा नेणाऱ्या कंपनीने त्यांना सांगितलं होतं. अशी आमची जोडी जमली.

आता माहेराबद्दल. उंच डोंगर सरळ चढत जाता येत नाही. हवा विरळ होत जाते आणि शरीराला तिची सवय व्हायला वेळ लागतो. म्हणून सामान घेऊन वर जायचं, ते बर्फात पुरायचं आणि झोपायला पुन्हा खाली यायचं. मधूनच दोन-तीन दिवस खालच्या मुक्कामावर नुसतं लोळायचं. जगभरचे गिर्यारोहक ह्याला विश्रांती म्हणतात. काका माहेरपण म्हणायचे.

नुसतं म्हणून सोडलं असतं तर ठीक होतं, पण ते माहेरपण साग्रसंगीत पाळायचे. आम्ही सरावासाठी जवळच्या रेनियर पर्वतावर गेलो तेव्हा दहा हजार फुटांवर एक रात्र काढली आणि सहा हजारांवरच्या पार्किंगपर्यंत खाली आलो. माझे पाय शिवशिवत होते, हवा छान होती. म्हटलं, काका, थोडं खाऊ आणि परत वर सुटू. काकांनी गाडीतून घडीची खुर्ची काढली, मोजे काढून पाय उन्हात पसरले आणि म्हणाले, "माहेरी आलेल्या मुलीने दुसऱ्या दिवशी बॅग भरायला घेतली तर लोक काय म्हणतील?"

"काय म्हणतील?"

"सासरी धाक आहे म्हणतील. बस खाली."

माहेरी असताना बूट घालायचे नाहीत. कामाला हात लावायचा नाही. परत कधी जायचं हा विषय तर काढायचाच नाही. डोंगराला मात्र मनसोक्त नावं ठेवायची, कारण सासूला नावं ठेवायला माहेरासारखी दुसरी जागा नाही. शिखरावर ढग आले की काका मान हलवून म्हणायचे, "म्हातारीचं कालपासून काहीतरी बिनसलंय." दुपारी मेतकूट-भात आणि वर तुपाची धार. मग डोक्याला खोबरेल. थंडीत खोबरेल दगडासारखं व्हायचं म्हणून त्याची बाटली ते अंगाशी, स्लीपिंग बॅगमध्ये ठेवायचे. तिथेच आणखी एक बाटली असायची, कारण बर्फात उठून लघवीला बाहेर जाण्यापेक्षा सगळेच गिर्यारोहक तंबूत बाटली वापरतात. घोटाळा नको म्हणून खोबरेलाच्या बाटलीला त्यांनी लाल दोरा बांधला होता. तरी त्यांनी "ये, चोळून देतो" म्हटलं की मी आधी दोरा तपासायचो.

माहेराहून परत वर निघताना परीक्षा असायची. उंचीवर सगळ्यात आधी डोकं कामातून जातं, आणि ते गेलंय हे त्या डोक्याला कळत नाही. गाईड लोक म्हणून नाव विचारतात, वार विचारतात. काकांना हे पसंत नव्हतं. "नाव काय, माणूस झोपेतही सांगतो. एकोणतीसचा पाढा म्हण."

"काका, मी इंग्लिश मीडियमचा. मला तो समुद्रसपाटीला पण येत नाही यार."

"मग तुला समुद्रसपाटीलाच ऑक्सिजन लावायला हवा. आणि मी तुझा यार नाही."

त्यांनी मला तो पाढा आखीव कागदावर शाईने लिहून दिला. सहा महिने मी ऑफिसच्या बसमध्ये डोळे मिटून एकोणतीसचा पाढा पुटपुटत होतो. अठ्ठावन्न, सत्त्याऐंशी, एकशे चौऱ्याहत्तर हे आकडे म्हणताना माझी जीभ जी काही लचकायची, त्यावरून शेजारी बसणाऱ्या बाईंचा समज झाला की मी एखादी कठीण प्रार्थना करतोय. त्या मला कधी त्रास द्यायच्या नाहीत, उलट मी डोळे मिटले की फोन म्यूट करायच्या. वसंत येईपर्यंत पाढा इतका घोटला गेला की मला कुणी भूल दिली असती तरी मी तो धडाधड म्हटला असता. झोपेतही म्हणता येतो तो पाढा परीक्षेच्या काय कामाचा, हे काकांच्या लक्षात आलेलं नाही अशी माझी समजूत होती.

तर आम्ही देनालीला गेलो. छोट्या विमानाने हिमनदीवर नेऊन सोडलं. आम्ही चौघे चढणारे, मी, काका आणि टेक्सासचे दोन दंतवैद्य भाऊ. शिवाय दोन गाईड. मुख्य गाईड चाळिशीच्या बाई, उन्हाने तांब्यासारख्या रापलेल्या, कमी बोलणाऱ्या. पाढ्याचा प्रकार बघून त्या आधी पोट धरून हसल्या. मग म्हणाल्या, आयडिया वाईट नाही. तेव्हापासून वर निघायच्या दिवशी आरोळी यायची, "ट्वेंटी नाईन टाइम!" त्यांना मराठी येत नसल्याने तपासनीस आम्हीच. मी म्हणायचो तेव्हा काका अंगठा वर करायचे, काका म्हणायचे तेव्हा मी. आमच्या अंगठ्यावर त्यांचा भरवसा होता.

चौदा हजार फुटांवरचा मुक्काम म्हणजे बर्फाच्या भिंतींच्या आडोशाला तंबूंची वाडी. वर सोळा हजारांवर सामान पुरून आम्ही तिथे माहेरपणाला उतरलो. तीन दिवस. हवा कशी, लख्ख. वर जाणाऱ्या दुसऱ्या टोळ्या दिसत होत्या आणि मी डोक्याला खोबरेल चोपडून आडवा. मला फक्त वीस दिवसांची लीव्ह अप्रूव्ह झाली होती आणि त्यातला बारावा दिवस मी लोळण्यात घालवत होतो. माझी चिडचिड बघून काका शांतपणे शंकरपाळे खात होते. त्यातलेही थोडेच उरले होते. खालच्या एका मुक्कामावर पुरलेलं सामान कावळ्यांनी चोचींनी उकरून काढलं होतं आणि नेमके काकूंचे शंकरपाळे पळवले होते. दंतवैद्य भावांनी शिव्या घातल्या. काका हात जोडून म्हणाले, "असू दे. इतक्या लांब आले म्हणजे आमच्याच घरातले असणार."

चौथ्या दिवशी आम्ही सतरा हजारांवरच्या शेवटच्या मुक्कामी पोचलो, आणि पोचल्यापासून मला खोकला लागला.

तसा तिथे सगळेच खोकतात. पण मला आडवं पडलं की गुदमरायला व्हायचं, आणि बुटाची नाडी बांधली की अर्धा मिनिट थांबावं लागायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी गाईडने सांगितलं, उद्या हवा उत्तम आहे, परवापासून मोठं वादळ, चार-पाच दिवसांचं. म्हणजे जे काय ते उद्या. त्यानंतर माझी रजा संपणार होती आणि काकांचं देनाली कायमचं.

काका बर्फ वितळवत बसले होते. "खोकला कधीपासून?" त्यांनी भांड्यातून नजर न काढता विचारलं.

"हवा कोरडी आहे ना काका."

"धाप?"

"इथे कुणाला नाही?"

"दोन दिवस माहेरी जाऊन येऊ या का?"

मी उखडलो. "काका, प्लीज! आज उतरलो तर संपलं सगळं. तुमचं पण. परत चान्स नाही."

"माझं सोड."

"मी ठणठणीत आहे," मी म्हणालो. खोकला आला तो मी हातमोज्यात दाबला. काकांनी भांड्यात आणखी बर्फ टाकलं.

थोड्या वेळाने गाईड बाई तपासायला आल्या. बोटाला लावून ऑक्सिजन मोजायच्या यंत्रात सगळ्यांचेच आकडे वाईट होते, माझे जरा जास्त. मी म्हटलं, बोटं गारठली आहेत. हे कारण तिथे चालतं, कारण ते पुष्कळदा खरं असतं. मग पाढा. मी म्हटला. मध्ये एकदा खोकलो, पण एक आकडा चुकला नाही. काकांनी माझ्याकडे बघत सावकाश अंगठा वर केला. मग त्यांची पाळी.

"एकोणतीस पाचे एकशे पंचेचाळीस," काका म्हणाले. "एकोणतीस सक एकशे चौऱ्याहत्तर. एकोणतीस साते एकशे त्र्याण्णव."

आणि श्वास घ्यायला थांबले. एवढा वेळ थांबायची त्यांची पद्धत नव्हती.

दोनशे तीन. एकोणतीस साते दोनशे तीन. सहा महिने बसमध्ये घोकलेला आकडा. काका चुकले होते, आणि त्या सबंध डोंगरावर हे कळणारा माणूस मी एकटा होतो. गाईड बाई माझ्याकडे बघत होत्या, माझ्या अंगठ्याची वाट बघत.

काका नापास झाले तर काय होणार, हे मला पाठ होतं. एक गाईड त्यांना घेऊन खाली उतरणार. उरलेल्या एका गाईडला दोघांपेक्षा जास्त माणसं शिखरावर न्यायला परवानगी नव्हती. म्हणजे आणखी एकाला उतरावं लागणार. दंतवैद्य भाऊ जोडीने आलेले होते. मी कुणाच्या जोडीने आलो होतो हे सांगायला नकोच.

माझ्या मनात तेव्हा काय काय आलं ते लिहायला लाज वाटते, पण लिहितो. एक आकडा चुकला तर काय मोठंसं, असं आलं. म्हातारा माणूस, घरी बसूनही चुकला असता, असं आलं. त्यांचीही शेवटची संधी आहे, मी गप्प बसणं ही त्यांच्यावर कृपाच, असंसुद्धा आलं. माझा अंगठा हातमोज्यात अर्धा वर झाला होता. मग मी काकांकडे बघितलं. ते आपल्या बुटांकडे बघत बसले होते, शाळेत बाकावर उभं केलेल्या मुलासारखे. हा माणूस उद्या वरच्या धारेवर पाय कुठे टाकायचा ते विसरला तर, असं मनात आलं आणि माझा अंगठा खाली आला.

"नाही," मी म्हणालो. "सात चुकलं."

काका ताडकन उठले. "कुठे चुकलं? एकशे त्र्याण्णवच! तुझं इंग्लिश मीडियम तुझ्याजवळ ठेव. मला शिकवतोस?" असं म्हणून त्यांनी जो काही त्रागा केला, तो बघून गाईड बाईंची खात्रीच पटली. तासाभरात आम्ही दोघं आणि दुसरा गाईड एका दोरावर खाली निघालो.

उतरताना माझे पाय लटपटत होते आणि मला वाटत होतं ते दुःखाने. दर शंभर पावलांवर मी थांबत होतो. काका मात्र अगदी नीट, मोजून पावलं टाकत होते. दोन ठिकाणी मी घसरलो तेव्हा त्यांनीच दोर आवळून मला धरलं. मला तेव्हाही काही कळलं नाही. एकोणतीसचा पाढा येतो म्हणून माणसाला अक्कल असतेच असं नाही.

चौदा हजारांच्या मुक्कामावर मोसमात डॉक्टरांचा तंबू असतो. डॉक्टर बाईंनी आधी काकांना तपासलं. छाती स्वच्छ, डोळे स्वच्छ. म्हणाल्या, ह्यांचा ऑक्सिजन माझ्यापेक्षा बरा आहे, ह्यांना कशाला आणलंत?

"ह्याला बघा," काका म्हणाले.

डॉक्टर बाईंनी माझ्या पाठीला नळी लावली आणि बराच वेळ काढलीच नाही. मग त्यांनी शांतपणे सांगितलं की माझ्या उजव्या फुप्फुसात पाणी झालंय. वरच आणखी एक रात्र काढली असती तर सकाळी मला खाली आणण्याची गरज उरली नसती, असंही त्या म्हणाल्या. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क लावून मला आडवं केलं. काका शेजारी बसून माझे मोजे काढत होते.

"काका," मी मास्कमधून विचारलं, "एकोणतीस साते?"

"दोनशे तीन. का रे?"

"मघाशी काय म्हणालात?"

"मघाशी उंची होती," काका म्हणाले आणि मोजे वाळत घालायला बाहेर गेले. ह्यापलीकडे त्या विषयावर त्यांनी मला आजतागायत एक अक्षर सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी शिखरावर लख्ख ऊन होतं. दंतवैद्य भाऊ जाऊन आले. त्यांचे फोटो फार सुंदर आलेत.

मी पुढे नोकरीनिमित्त ओहायोला, डब्लिनला आलो. इथे डोंगर नावाला नाही, सगळं पोळपाटासारखं सपाट. निघण्यापूर्वी काकूंनी जेवायला बोलावलं होतं. काका गॅरेजमध्ये त्यांचे बर्फाचे बूट खोक्यात भरत होते, कुणालातरी देऊन टाकायला. आतून त्यांची शीळ ऐकू येत होती. मी किचनमध्ये ओट्याशेजारी बसून जेवत होतो, काकू पोळ्या करत होत्या. मी इतके दिवस गिळून ठेवलेला प्रश्न विचारला. "काकू, काका खरंच चुकले होते का हो?"

"ते आणि एकोणतीसच्या पाढ्यात?" काकू हसल्या. "ऑपरेशनच्या वेळी भूल उतरताना म्हणत होते ते."

"पण मी गप्प बसलो असतो तर?"

"मी पण तेच विचारलं. तर म्हणाले, मग आठला चुकलो असतो, नवाला चुकलो असतो. तरी बोलला नसता तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करून एकोणतीस एके अडतीस म्हणालो असतो."

"पण मग सरळ गाईडला सांगायचं ना, ह्याला बरं नाही म्हणून."

"तू ऐकलं असतंस? त्यांच्या तोंडावर ठणठणीत म्हणालास ना? तिलाही तेच म्हणाला असतास. आणि जबरदस्तीने उतरवलं असतं तर जन्मभर म्हणाला असतास, म्हाताऱ्याने माझं शिखर घालवलं." काकूंनी पोळी तव्यावर टाकली. "सासरहून मुलगी आणायची तर मुलगी आजारी आहे असं सांगतात का कधी? आई आजारी आहे म्हणून सांगतात. मग ती येते."

त्यांनी माझ्या ताटात आणखी एक पोळी वाढली.

"माझी आई दर वर्षी आजारी पडायची," काकू म्हणाल्या. "माझ्या सासूबाई एरवी पाठवायच्या नाहीत. मग पत्र यायचं, प्रकृती बरी नाही, मुलीला पाठवा. मी जायची, तर आई दारात उभी, हाताला अनारशाचं पीठ. हे मला परत न्यायला यायचे तेव्हा तिला विचारायचे, काय, आता बरं वाटतंय ना? दोघं खूप हसायचे. मग आम्ही इकडे आलो. दुसऱ्या वर्षी तार आली. आई आजारी, लवकर ये. हे हसले. म्हणाले, तुझ्या आईचा आजार आता समुद्र ओलांडायला लागला. नोकरी नवी होती, रजा मिळत नव्हती. दिवाळीला जाऊ म्हणाले."

पोळी करपायला लागली होती, ती त्यांनी उलटली.

"दिवाळीला गेलो आम्ही. आई नव्हती."

गॅरेजमधली शीळ चालूच होती.

"तेव्हापासून कुणी आजारी आहे म्हणालं की ह्यांना ते लगेच खरं वाटतं," काकू म्हणाल्या. "कुणी ठणठणीत आहे म्हणालं, की मात्र ह्यांना झोप लागत नाही."